काठावर गरगर, पाण्यात गपगार: कयाकवरची ट्रोलिंग मोटर

नारळी पौर्णिमा झाली, पाऊस जरा उघडला, की मला फोन यायला लागतात. "मे महिन्यात ठेवली तेव्हा मस्त चालत होती हो. आता काय झालं कळत नाही." माणसं वेगळी, तक्रार तीच.

मी दापोलीकडचा वायरमन. घरांची वायरिंग आणि इन्व्हर्टर हा धंदा, खाडीत जिताड्यामागे फिरणं हा नाद. त्या नादापायी कयाकला, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद छोट्या होडीला, बारा व्होल्टची ट्रोलिंग मोटर बसवली. बॅटरीवर चालणारी, पाण्यात पंखा फिरवून होडी ढकलणारी छोटी मोटर ती. पहिल्याच हंगामात तिने तीनदा दगा दिला, तिन्ही वेळा खोलून बघितली, आणि तेव्हापासून ओळखीपाळखीच्यांच्या मोटरी माझ्या पडवीत येऊन पडतात. कुणाची कयाकवरची, कुणाची फायबरच्या छोट्या होडीवरची. दुखणं बहुतेकींचं एकच, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो.

आधी लक्षणं ओळखा

नेहमीचं दुखणं असं दिसतं. अंगणात बॅटरी जोडून बघितली तर पंखा झकास फिरतो. पाण्यात उतरवली की पहिल्या-दुसऱ्या गतीवर चालते, पण चार-पाचवर टाकली की आवाज बसतो, पंखा मंदावतो, कधी पूर्ण थांबतो. पाच मिनिटं गप्प बसलं की परत चालते आणि परत मरते. मासे शोधायचं यंत्र, फिशफाइंडर, त्याच बॅटरीवर असेल तर मोटर जोरात टाकताक्षणी तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो. वायरचा एखादा जोड हाताला चटका लागेल इतका तापलेला सापडतो.

यापेक्षा वेगळं काही दिसत असेल तर सगळं वाचत बसू नका. मोटर जोरात घुरघुरते पण कयाक जागचं हलत नाही, तर फक्त पंखा बघा. एक ते चार गती मेलेल्या आणि पाचवीच चालते, तर थेट गतीच्या कॉइलकडे जा. काहीच होत नाही, टिकटिकसुद्धा नाही, तर फ्यूज किंवा ब्रेकर आणि बॅटरीची टोकं, एवढंच आधी.

अंगणात चालते म्हणजे काय?

काहीच नाही. हवेत पंखा फिरवायला मोटरला थोडेसेच अँपिअर लागतात. तीच ३० पौंड थ्रस्टची (म्हणजे ढकलण्याच्या जोराची) मोटर पाण्यात पूर्ण गतीवर साधारण ३० अँपिअर ओढते, ५५ पौंडवाली ५० च्या आसपास. रिकामी बैलगाडी उतारावरून पळाली म्हणून बैल तरणा आहे असं कुणी म्हणत नाही. थकलेली बॅटरी, कळकलेला जोड, बारीक वायर, ही तिन्ही दोन-चार अँपिअरला साधूसारखी वागतात. तीस अँपिअर मागितले की त्यांचं खरं रूप दिसतं.

म्हणून यापुढची तपासणी मोटर पाण्यात असताना करायची. दोनशे लिटरच्या निळ्या पिंपावर फळी टाकून मोटर अडकवा, किंवा कयाक धक्क्याला दोन्ही टोकांनी घट्ट बांधा. हवेत फार वेळ चालवू नका. या मोटरीला थंड ठेवणारं पाणीच असतं आणि दांड्याचं सीलही कोरडं फिरून खराब होतं. पंख्याला हात लावण्याआधी बॅटरीची वायर काढायची. स्विच बंद आहे यावर विसंबायचं नाही.

आणि हे सगळं घरी करा, खाडीत नाही. नारळी पौर्णिमेला हौसेने पहिली फेरी मारायला निघालात, तर पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं हे विसरू नका. माझी मोटर पहिल्यांदा मेली ती दाभोळ खाडीत, उधाणाच्या ओहोटीत. पाणी थेट समुद्राच्या दिशेने ओढत होतं. वल्हं सोबत होतं म्हणून कडेच्या कांदळवनाला जाऊन चिकटलो आणि भरती लागेपर्यंत डास मारत बसलो. मोटर आहे म्हणून वल्हं आणि लाइफ जॅकेट घरी ठेवणारा माणूस माझ्याकडे मोटर घेऊन आला, तर आधी शिव्या खातो.

१. पंखा, खर्च शून्य

पंख्याचं नट काढा, पंखा ओढून काढा आणि मागे बघा. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला सापडेल. आपलाच किंवा दुसऱ्या कुणाचा तरी, पण सापडतो. तो पंखा जड करतोच, शिवाय दांड्याला गुंडाळत गुंडाळत आत सरकतो आणि सील कापतो. सील गेलं की पाणी मोटरीत, आणि मग वीस रुपयांचा तंगूस पूर्ण मोटर खातो. दर दोन-तीन फेऱ्यांनी पंखा काढून बघायची सवय ठेवा. गोड्या पाण्यात फिरणाऱ्यांना तंगुसाऐवजी शेवाळ आणि जलपर्णीची मुळं सापडतील. ती सील कापत नाहीत, पण मोटर दमवतात.

पंखा काढलाच आहे तर दांड्यातून आडवी गेलेली पिन बघा. खडकाला किंवा बुडालेल्या खुंटाला पंखा आपटला की ही पिन तुटावी अशीच योजना असते, म्हणजे पंखा आणि दांडा वाचतो. पिन तुटली की मोटर फिरते, पंखा फिरत नाही. मी एकदा पिनेऐवजी खिळा कापून घातला होता. पुढच्या खडकाला खिळा टिकला आणि दांडा वाकला. योग्य मापाच्या दोन पिना आणि एक जादा नट पॅडलच्या पिशवीत टाकून ठेवा.

२. बॅटरी

पावसाळ्यात खरा मार हिला बसतो. मोटर नुसती पडून राहते, पण शिशाची बॅटरी पडल्या पडल्या उतरत जाते. उतरलेल्या अवस्थेत दोन-तीन महिने राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. मग चार्जर लावला की ती लवकरच 'फुल' दाखवते, कारण तिच्यात मावणारंच कमी झालेलं असतं. घागर लवकर भरली याचा आनंद नको, तळाशी गाळ बसलाय.

मल्टीमीटर घ्या. साधा, तीन-चारशे रुपयांचा चालतो. चार्जर काढून बॅटरी काही तास तशीच राहू द्या, नाहीतर आकडा खोटा चढा येतो. शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली. पण हा आकडा निम्मीच गोष्ट सांगतो. आता मोटर पाण्यात पाचवर चालू करा आणि मीटरच्या सुया बॅटरीच्या शिशाच्या टोकांवरच टेका, क्लिपवर नको. चांगली, भरलेली बॅटरी ३० अँपिअर देतानाही १२ च्या आसपास टिकते. एका मिनिटात ११.५ च्या खाली घसरत चालली तर बॅटरी दमलेली आहे, मोटर निर्दोष. बॅटरी टिकली तर पुढे चला.

कुठली बॅटरी वापरता हेही बघा. गाडीची बॅटरी इंजिन सुरू करण्यापुरता क्षणभर मोठा करंट द्यायला बनवलेली असते. तासभर सतत ओढलं आणि असं वारंवार केलं की ती एका हंगामात संपते. एका मित्राने घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी कयाकमध्ये ठेवली होती. बॅटरी उत्तम होती, फक्त तिचं वजन पन्नास किलोच्या वर होतं आणि कयाक मागून पाण्यात बसलं होतं. ई-रिक्षाची बॅटरी त्यापेक्षा बरी. हल्ली बरेच जण लिथियम आयर्न फॉस्फेटकडे वळलेत आणि कयाकसाठी ते मलाही पटतं, १०० अँपिअर-तासाची साधारण बारा किलोत येते.

पण लिथियमची एक वेगळी खोड आहे. तिच्या आत बीएमएस नावाचं राखणदार सर्किट असतं. ठरलेल्यापेक्षा जास्त करंट मागितला किंवा सेल फार उतरले की ते दार लावून घेतं. मोटर हळूहळू दमत नाही, एकदम मरते. मीटर शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट दाखवतं आणि माणूस म्हणतो बॅटरी मेली. मोटर सोडवून चार्जर लावला की बहुधा जागी होते. बॅटरीवर सततचा करंट किती लिहिलाय ते वाचा. ३० अँपिअरच्या बीएमएसवर ५५ पौंडची मोटर लावली असेल, तर तुम्ही कितीही टर्मिनलं घासा, पाचवी गती मिळणार नाही. शिवाय हिचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो, म्हणून १३ च्या वर दाखवतेय यावरून भरलेली आहे असं धरू नका.

३. जोड: चोर बहुतेक वेळा इथेच सापडतो

अमेरिकेत १९३४ साली नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी ओ. जी. श्मिट यांनी फोर्डच्या मॉडेल ए गाडीचा स्टार्टर घेऊन त्याला पंखा जोडला आणि ही ट्रोलिंग मोटर जन्माला आली. तिकडची तळी गोडी. आपण ती खाऱ्या खाडीत घालतो आणि जोडांवर हिरवा कळक धरला की कंपनीला दोष देतो. तांब्याच्या भांड्यात ताक ठेवणाऱ्याने कल्हईवाल्याला शिव्या द्याव्यात, तसं.

डोळ्यांना दिसणारा कळक आधी काढा. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. वाळल्यावर पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. व्हॅसलीन आवळल्यानंतर. हाताने फिरवायचे चाकवाले नट असतील तर काढून टाका आणि पान्याने आवळायचे षट्कोनी नट, खाली स्प्रिंग वॉशर घाला. लाटांच्या हेलकाव्यांनी हाताचे नट सैल होतात. क्रोकोडाइल क्लिप तर विचारूच नका. दोन दातांवर ३० अँपिअर जातील असं ज्याला वाटतं, त्याने एकदा त्या दातांना मोटर चालू असताना हात लावून बघावा.

न दिसणारा कळक पकडायची युक्ती अशी. मोटर पाण्यात पाचवर चालू. मीटर डीसी व्होल्टवर. एक सुई बॅटरीच्या धन टोकावर, दुसरी त्याच धन वायरच्या मोटरीकडच्या टोकाला. खरं तर एकच तार, म्हणजे फरक शून्याजवळ हवा. मीटर जे काही दाखवेल ते रस्त्यात वाया जातंय. मग सुया जवळजवळ आणत एकेक जोड ओलांडून मोजा: टर्मिनल ते लग (वायरच्या टोकाला चेपलेली धातूची कडी), लग ते वायर, कनेक्टरच्या अलीकडे आणि पलीकडे, ब्रेकरच्या अलीकडे आणि पलीकडे. ऋण बाजूलाही तेच, लोक ती विसरतात. एका जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की तो जोड कापून नवा करा. एका मोटरीत मला एकाच लगवर ०.८ व्होल्ट सापडले होते. तीस अँपिअरला ते २४ वॅट होतात, म्हणजे जोडाच्या जागी एक सोल्डरिंग आयर्न सतत चालू. वरून टेप इतकी सुबक गुंडाळली होती की मालकाला काढवत नव्हती.

नवा लग लावताना पक्कडीने चेपू नका, क्रिम्पिंग टूल वापरा. तांब्यावर कथिल चढवलेला लग घ्या, वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी, बसवा. साध्या टेपच्या आत खारं पाणी शिरतं आणि तिथेच मुक्काम करतं. वायर कापल्यावर आतलं तांबं काळं दिसलं तर चमकदार तांबं लागेपर्यंत मागे मागे कापत जा.

४. एमसीबी

ही चूक आमच्याच जातभाईंची, म्हणजे वायरमन लोकांची. घरचा ३२ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, डब्यात बसवून देतात. सकाळी सातला सगळं ठीक, अकरानंतर ट्रिप. त्याच्या आतली पट्टी उष्णतेने वाकून ट्रिप होते आणि घरगुती एमसीबीचा हिशेब ३० अंश सेल्सिअसला बांधलेला असतो. उन्हात तापलेल्या बंद डब्यात तो ३२ च्या बराच आधी पडतो. शिवाय तो घरच्या एसी करंटसाठी आहे, बोटीतल्या बॅटरीच्या डीसी करंटसाठी आणि खाऱ्या हवेसाठी नाही. ३० ते ४५ पौंडच्या मोटरीला ५० अँपिअरचा, ५५ पौंडला ६० चा, डीसीसाठी बनवलेला बोटीचा ब्रेकर घ्या आणि बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात बसवा. ब्रेकरच्या आधीची वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारं कुणी नसतं, म्हणून तो तुकडा आखूडच हवा.

पडतो म्हणून ब्रेकर काढून थेट जोडणारे आहेत. प्लॅस्टिकच्या कयाकमध्ये, मांडीखाली वायर, आजूबाजूला पाणी. मी काही बोलत नाही.

५. वायरची जाडी

वजनाच्या समतोलासाठी बॅटरी पुढे ठेवली आणि मोटर मागे, की वायर लांबते. बॅटरी ते मोटर तीन मीटर धरा, जाऊन-येऊन सहा. घरात वापरतो ती २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ३० अँपिअरला या अंतरात साधारण १.३ व्होल्ट खाते. १.५ ची खाते २.२. बारातले दोन व्होल्ट वाटेतच गेले तर मोटर काय दिवे लावणार? सहा चौरस मिलिमीटरची घेतली तर तोटा अर्ध्या व्होल्टच्या आसपास येतो. ३० पौंडला मी ६ घालतो, ५५ ला १६. बारीक तारांची लवचिक वायर घ्या, घरातल्या भिंतीतली कडक नको, ती हेलकाव्यांनी लगपाशी तुटते.

स्वस्तात जाडजूड वायर मिळाली तर ब्लेडने खरवडून बघा. आतून चांदीसारखी पांढरी निघाली आणि तारेवर कथिलाचा लेप नसेल, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. त्याच जाडीला तांब्यापेक्षा दीडपट विरोध, आणि खाऱ्या पाण्यात लवकर भुकटी.

६. मोटरीपर्यंत पोचलात तर

इथे क्वचित पोचावं लागतं.

पाच ठरलेल्या गतींच्या मोटरीत खालच्या गती कॉइलमधून जातात आणि पाचवी थेट. म्हणून फक्त पाचवी चालत असेल तर कॉइल जळलेली आहे. तातडी नाही, पाचवीवर घरी येता येतं. तशीच हंगामभर चालवणारे पण मी पाहिलेत, फक्त जिताडा आवाजाने पळतो.

मीटरशिवाय करायची एक परीक्षा आहे, ती मला फार आवडते. बॅटरीपासून मोटर पूर्ण सोडवा. स्विच पाचवर ठेवा. पंखा बोटाने फिरवून त्याचा जडपणा लक्षात घ्या. आता मोटरीच्या दोन्ही वायरींची टोकं एकमेकांना जोडा आणि परत फिरवा. चांगली मोटर आता स्पष्ट जड लागते, कारण आतल्या चुंबकांमुळे ती जनित्र होऊन स्वतःलाच अडवते. काहीच फरक लागला नाही तर आत कुठेतरी सर्किट तुटलंय, बहुधा फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बन ब्रश झिजले किंवा अडकले. टोकं सुटी असतानाही जड लागत असेल तर आत पाणी, गंज किंवा शॉर्ट. गोल मूठ फिरवून गती सलग वाढणाऱ्या मोटरीत मध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, तिथे ही परीक्षा लागू नाही.

इथे हात थांबवा

खालचा बोंडल्यासारखा भाग, ज्यात मोटर असते, तो स्वतः उघडू नका. आतली चुंबकं आर्मेचर (मोटरीचा फिरता गाभा) ओढून धरतात, ब्रश स्प्रिंगसकट उडतात, आणि सगळं परत बसवलं तरी सील नीट बसलं नाही तर पुढच्या फेरीत पाणी आत. मीही पहिली मोटर अशीच संपवली. पंख्यापाशी सीलमधून गढूळ पाणी किंवा काळं तेलकट गळत असेल, जळका वास येत असेल, पंखा काढून चालवली तरी ब्रेकर पडत असेल, किंवा बॅटरीची वायर आणि मोटरीचं धातूचं अंग यांच्यात मीटर पीप करत असेल, तर मोटर कंपनीच्या सर्व्हिसला किंवा पंप रिवाइंडिंग करणाऱ्या जाणत्या माणसाकडे द्या. ब्रश आणि बेअरिंग तो सहज करतो, सील मात्र त्याच मापाचं मिळाल्याशिवाय त्याला बंद करू देऊ नका. इलेक्ट्रॉनिक गतीचं सर्किट असेल तर रिवाइंडिंगवाल्याकडे न जाता सर्व्हिसलाच. फुगलेली किंवा वास मारणारी बॅटरी, शिशाची असो वा लिथियमची, चार्जरला लावू नका, विकत घेतली तिथे परत द्या.

दुरुस्तीला देताना मोटर एकटी नेऊ नका. माझी एक मोटर एका दुकानात दिली होती. त्याने आपल्या ताज्या बॅटरीवर, आपल्या जाड वायरने, टेबलावर हवेत फिरवून दाखवली, "चालतेय की!" म्हणाला आणि तपासणीचे पैसे घेतले. तुमची बॅटरी, तुमची वायर, तुमचा ब्रेकर, सगळं लटांबर घेऊन जा आणि त्याच्या दुकानात पाण्याचं पिंप आहे का ते फोनवरच विचारा.